परदेशात गाडी चालवायची आहे? बेळगाव, खानापूर, निपाणीहून निघणाऱ्यांसाठी

जुलैच्या पावसात चोर्ला घाट उतरणारा, किंवा उसाच्या हंगामात रात्री संकेश्वर-गोकाक रस्त्यावर दोन-दोन ट्रेलरचे, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर चुकवत घर गाठणारा माणूस परदेशातल्या रस्त्याला घाबरत नाही. घाबरायचं कारणही नाही, कारण हात तयार असतो. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे कागद, आणि दुसरी म्हणजे इथं चालून जाणाऱ्या पण तिथं महागात पडणाऱ्या सवयी. कागदांचं काम पैसे आणि थोडा वेळ देऊन होतं. सवयींना वेळ लागतो, म्हणून त्या भागावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी हे ठरवा: पाहुणे की रहिवासी?

"आपलं लायसन्स तिकडं चालतं का?" हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: कुठल्या देशात, आणि तुम्ही तिथं कोण म्हणून जाताय? पंधरा दिवस फिरायला गेलेल्याला एक नियम आणि नोकरीचा व्हिसा घेऊन घर भाड्यानं घेतलेल्याला दुसरा. गाडी तीच, लायसन्स तेच, पण रहिवासी झाल्या दिवसापासून तुमचं घड्याळ सुरू होतं.

ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर रहिवासी झाल्यापासून १२ महिने कार चालवता येते. तेराव्या महिन्यात तुम्ही तिथल्या कायद्याच्या लेखी शिकाऊ. गाडीला 'एल'ची पाटी, शेजारी किमान २१ वर्षांचा आणि ३ वर्षं लायसन्स असलेला माणूस. जर्मनीत ही मुदत ६ महिने. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात तात्पुरत्या व्हिसावाल्यांनाही २०२३ पासून ६ महिनेच. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं: कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर १० दिवसांत तिथलं लायसन्स मागायचं, न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांत, टेक्ससमध्ये ९० दिवसांत. आखाती देशांत तर राहण्याचा परवाना पासपोर्टला लागला की भारतीय लायसन्सवर गाडी चालवणं संपलं, असं धरूनच चाला.

मुदत उलटल्यावर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. दंडापेक्षा भीती त्याची आहे.

बेळगाव सोडण्याआधी

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, हे वेगळं लायसन्स नाही. तुमच्या मूळ लायसन्सची अनेक भाषांतली ओळख एवढंच त्याचं काम. त्यामुळे मूळ कार्ड घरी ठेवून फक्त आयडीपी नेलात तर त्याचा उपयोग शून्य. दोन्ही बरोबर हवीत, आणि तीही खरी. मोबाइलमधलं डिजिलॉकर इथल्या पोलिसाला चालतं, परदेशातल्या भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर त्याचा भरवसा धरू नका.

अर्ज 'परिवहन'च्या सारथी पोर्टलवर करायचा. राज्य कर्नाटक निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये आयडीपी शोधा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. नमुना ४-ए भरायचा, पासपोर्ट आणि लायसन्सच्या प्रती, फोटो जोडायचे. सरकारी फी १,००० रुपये. अर्ज तुमच्या राहत्या पत्त्याच्या हद्दीतल्या आरटीओकडे जातो: बेळगावला केए-२२, चिकोडीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४, गोकाकला केए-४९. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर अर्जासोबत व्हिसा आणि मेडिकल सर्टिफिकेट लागत नाही. तरीही खिडकीवर कुणी व्हिसा किंवा तिकिटाची प्रत मागितलीच, तर वाद घालत बसण्यापेक्षा एक झेरॉक्स फाइलमध्ये असलेली बरी. एजंट हेच काम तिप्पट पैशात करतो. तो तुमच्याच ओटीपीवर तोच फॉर्म भरतो.

मुदत एक वर्ष, किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणून प्रवासाच्या सहा महिने आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. महिना-दीड महिना आधी अर्ज करा. तिथं राहताना संपलाच, तर भारतीय वकिलातीमार्फत नव्यासाठी अर्ज करता येतो, ही सोयही त्याच दुरुस्तीत आली. इंटरनेटवर 'दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स' विकणारे भेटतील. भारत ज्या १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे, त्याखालचा परमिट एका वर्षाचाच असतो. त्या वेबसाइटवाल्यांकडून मिळतं ते शोभेचं पुस्तक.

आता आमच्या भागाचं खास दुखणं: नाव. पासपोर्टवर 'संभाजी रामचंद्र पाटील', लायसन्सवर 'एस. आर. पाटील', आधारवर आडनाव पुढं, नाव मागं. इंग्रजी स्पेलिंग कानडीतून आलेलं की मराठीतून, यावरही 'डब्ल्यू' आणि 'व्ही' बदलतात. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. विमानतळावरच्या काउंटरवर मात्र तो माणूस तीन कागद शेजारी ठेवून बघतो: पासपोर्ट, लायसन्स, क्रेडिट कार्ड. लायसन्सवरचं नाव पासपोर्टप्रमाणं करून घ्या, आणि आयडीपीचा अर्ज त्यानंतरच करा. गावाचं नाव एका ठिकाणी बेळगाव आणि दुसऱ्या ठिकाणी बेळगावी असणं यानं सहसा काही बिघडत नाही, ते सरकारनंच २०१४ साली बदललंय. जुनं पुस्तकाचं किंवा लॅमिनेट केलेलं लायसन्स असेल तर स्मार्ट कार्ड करून घ्या. त्यावर कानडीबरोबर इंग्रजी असतं, आणि तिथं इंग्रजीच वाचलं जाणार आहे.

राहायला जाणाऱ्यांनी अजून एक कागद काढावा, तो म्हणजे लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट. लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं, कुठल्या वर्गाचं, हे आरटीओच्या शिक्क्यानिशी. कॅनडातल्या ऑन्टारियोत तुमचा जुना अनुभव मोजून पायऱ्या वगळायच्या असतील, तर मूळ लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं पत्र मागतात. तिथं बसून बेळगावच्या आरटीओतून कागद काढायचा म्हणजे घरच्या एखाद्या भाच्याला हेलपाटे.

क्रेडिट कार्डाचंही बघा. भाड्याच्या गाडीसाठी कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी क्रेडिटच, डेबिट नाही. सोसायटीचं किंवा सहकारी बँकेचं रुपे कार्ड तिथं बहुधा नाकारलं जातं. दुसरं कार्ड असलं तरी परदेशी व्यवहार २०२० पासून ग्राहकानं स्वतः चालू केल्याशिवाय होत नाहीत. अ‍ॅपमध्ये जाऊन बटण आधीच चालू करा, आणि लिमिट बघा, कारण गाडीचं डिपॉझिट कार्डावर अडकून राहतं.

कुठं काय

*आखात.* आपल्या भागातले सर्वांत जास्त लोक इथंच. फिरायला गेलात तर दुबईत भारतीय लायसन्स आणि आयडीपीवर गाडी भाड्यानं मिळते. नोकरीला गेलात तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फाइल उघडायची, डोळे तपासायचे, लेखी परीक्षा, पार्किंगची परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा. लेखी परीक्षा हिंदी आणि उर्दूतही देता येते. इथं वीस वर्षं गाडी मारणारेही रस्त्याच्या परीक्षेत नापास होतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच: मान वळवून बाजूला बघत नाहीत. आरसा पुरत नाही, खांद्यावरून बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे.

दुबईत वेगमर्यादेच्या पाटीवर ताशी २० किलोमीटरची सूट गृहीत असते, अबू धाबीत ऑगस्ट २०१८ पासून ती नाही. दुबईच्या सवयीनं अबू धाबीत शिरलात की कॅमेरे टिपतात. नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर चढणारे ब्लॅक पॉइंट चोवीस झाले की लायसन्स जप्त. दारू पिऊन चालवण्याला तिथं थोडीसुद्धा सवलत नाही, आणि गाडीला साधा ओरखडा आला तरी पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला दुरुस्तीला हात लावत नाही. दुबईची भाड्याची गाडी ओमानला न्यायची तर कंपनीचं ना-हरकत पत्र आणि ओमानचा विमा लागतो. केए-२२ घेऊन कागलमार्गे कोल्हापूरला गेल्यासारखं ते नाही.

*ब्रिटन.* डावीकडूनच चालायचं, त्यामुळे आपल्याला सर्वांत सोपं, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. वेग मैलांत. वस्तीत सहसा ३० म्हणजे आपले ४८ किलोमीटर, मोटरवेवर ७० म्हणजे ११२. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ बरोबर हवेत, शिवाय धोका ओळखण्याच्या व्हिडिओंमध्ये ७५ पैकी ४४ गुण. लेखीची फी २३ पौंड, रस्त्याच्या परीक्षेची कामाच्या दिवशी ६२. रस्त्याच्या परीक्षेची तारीख मिळायलाच महिने जातात, तेव्हा वर्ष संपत आल्यावर जागे होऊ नका; पोचल्या-पोचल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सला अर्ज करा. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर लायसन्सही ऑटोमॅटिकचंच मिळतं.

*जर्मनी आणि युरोप.* पुण्या-बेंगळुरातून आयटीवाले मोठ्या संख्येनं जाऊ लागलेत. भारतीय लायसन्स जर्मनीत नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रथमोपचाराचा कोर्स आणि डोळे तपासणी वेगळी. लेखी इंग्रजीत देता येते. नव्या शिकाऊंना ठरावीक तास सक्तीचे असतात, तुम्हाला नसतात. तरी पाच-सहा तास घ्या, नाहीतर 'उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट' हा नियम अंगात मुरत नाही. पाटी नसलेल्या गल्लीच्या तोंडाशी उजवीकडून सायकलवाला आला तरी थांबायचं तुम्हीच.

फिरायला जाणाऱ्यांनी इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी असलेल्या झेडटीएल, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असलेल्या, भागांपासून लांब राहावं. लाल वर्तुळाची छोटी पाटी असते, वर कॅमेरा. आत शिरल्याचं कळतही नाही, दंड काही महिन्यांनी येतो. स्वित्झर्लंडच्या मोटरवेसाठी ४० फ्रँकचा वार्षिक व्हिन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतो. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात चालते का, हे भाड्यानं घेतानाच लिहून घ्या.

*अमेरिका.* दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की तिच्या मागचे आणि समोरून येणारेही थांबतात. मध्ये दुभाजक असेल तर समोरच्यांना सहसा सूट. आणि चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असलेल्या चौकात जो आधी येऊन पूर्ण थांबला, तो आधी निघतो. हळू केली, चाक फिरतंच होतं, असं चालत नाही. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडं वळायला बहुतेक ठिकाणी परवानगी आहे, न्यूयॉर्क शहरात नाही.

*पूर्वेकडं.* जपानमध्ये १९४९ चा परमिट चालतो, आल्यापासून एक वर्ष. तिथली 'थांबा' पाटी अष्टकोनी नसते, उलटा लाल त्रिकोण असतो; आपला माणूस ती 'वाट द्या' समजतो. रेल्वे फाटक उघडं असलं तरी थांबून दोन्हीकडं बघणं सक्तीचं. बेळगावातल्या रेल्वे फाटकांवर खाली येणाऱ्या दांड्याखालून स्कूटर काढणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. थायलंडलाही आयडीपी चालतो. व्हिएतनामला नाही, तो देश १९६८ च्या करारातले परमिटच मानतो आणि भारत त्या करारात नाही. चीनमध्ये कुठलाच आयडीपी चालत नाही. थायलंड-व्हिएतनामला हॉटेलवाले स्कूटर देताना काही विचारत नाहीत, यावर जाऊ नका. आयडीपीत मोटरसायकलच्या 'ए' वर्गावर शिक्का नसेल आणि हात मोडला, तर प्रवास विमा एक पैसा देत नाही.

ड्रायव्हर म्हणून नोकरीला जाणाऱ्यांसाठी

निपाणी, संकेश्वर, हुक्केरीकडची मुलं ट्रक आणि घरगाडीच्या नोकरीला आखातात जातात. दहावी पास नसेल तर पासपोर्टला ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी हवी अशी नोंद, असते, आणि मग आखातासह १८ देशांत नोकरीसाठी सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलमधून मंजुरी घ्यावीच लागते, सोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही. ती मंजुरी चुकवून 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलू' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणीकृत एजंट ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. तो नोंदणीकृत आहे का ते ईमायग्रेटच्या साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत दिसतं.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: पद 'हाउस ड्रायव्हर' आहे की 'हेवी ड्रायव्हर', तिथल्या लायसन्सचा खर्च कोण करणार, आणि ट्रॅफिकचा दंड पगारातून कापणार का. तिसऱ्या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडणं होतात. पोलंड, लिथुआनियाकडच्या ट्रकच्या नोकऱ्यांच्या जाहिराती हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. युरोपात व्यावसायिक ट्रकसाठी तिथला सी (ट्रक) किंवा सीई (ट्रेलरसह ट्रक) वर्ग आणि कोड ९५, म्हणजे व्यावसायिक ड्रायव्हरची, पात्रता लागते. ते तिथं गेल्यावर किती दिवसांत, कुणाच्या पैशानं, याचं उत्तर एजंट तोंडी देत असेल तर उठून या.

काउंटरवर, गाडी ताब्यात घेताना

ऑटोमॅटिक घ्या. चार पैसे जास्त पडतील. उजव्या हातानं गिअर शोधण्यात जे डोकं जातं, ते रस्त्याकडं राहू द्या. वय २५ च्या आत असेल तर बऱ्याच कंपन्या जादा आकारतात, आणि लायसन्स किमान एक वर्ष जुनं मागतात.

विम्याचं नीट समजून घ्या. 'विमा आहे' म्हणजे सगळं भरून मिळतं असं नाही. अपघात झाला तर पहिली ठरावीक रक्कम तुमची, पुढचं कंपनीचं. ती पहिली रक्कम किती, हे विचारा, आणि काच, टायर, गाडीचं पोट यात धरलंय का हेही. अमेरिकेत दुसऱ्याच्या नुकसानीचा वाढीव विमा घ्याच, तिथल्या दवाखान्याची बिलं ऐकून ठाऊक असतील. नवरा-बायको दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव कागदावर घाला.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ करा. रिम, बंपरचा खालचा भाग, काच, छत, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा. परत देताना पुन्हा तसाच.

पहिला तास

रात्रीचं विमान उतरून, डोळ्यात झोप असताना गाडी घेऊ नका. पहिल्या रात्रीला टॅक्सी. सकाळी घ्या.

पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसा. मारुती-ह्युंदाई चालवणाऱ्याचा इंडिकेटर उजव्या हाताला असतो. डावीकडं स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत, आणि ब्रिटनमधल्याही बहुतेक गाड्यांत, तो डाव्या हाताला. पहिला दिवसभर तुम्ही वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरवणार आहात, मागचे लोक हसतील, हसू द्या. पण आरसे नीट लावा, तिन्ही. बेळगावात डावा आरसा दुमडून गाडी चालवणारे शेकड्यानं दिसतात, खडे बाजारात तो कुणाला तरी घासेल म्हणून. तिथं त्या आरशाशिवाय लेन बदलता येत नाही.

बाजू बदलण्याची एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरते: ड्रायव्हरची सीट नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडं असते. तुम्ही स्वतः रस्त्याच्या कडेला बसलाय असं वाटलं, तर गाडी उलट्या बाजूला आहे. गर्दीत चूक होत नाही, पुढची गाडी वाट दाखवते. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर, पहाटे, पेट्रोल पंपातून किंवा हॉटेलच्या गेटातून बाहेर पडताना. तेव्हा शेजारच्याला मोठ्यानं बोलायला सांगा, "उजवीकडं". पोर्तुगालनं १९२८ साली आपल्या देशातली वाहतूक उजवीकडं नेली, पण गोव्यात डावीच ठेवली, कारण सरहद्दीपलीकडं सगळे डावीकडून चालणारे. नाहीतर आमच्या आज्या-पणज्यांनी गोव्याच्या नाक्यावर हेच "उजवीकडं, उजवीकडं" ऐकलं असतं.

सर्कल. चन्नम्मा सर्कलला ज्याचं नाक आधी शिरलं त्याची वाट. तिथं सर्कलमध्ये आधीपासून असलेल्याची वाट, बाहेरच्यानं थांबायचं. ब्रिटनमध्ये उजवीकडून येणाऱ्याला, उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशांत डावीकडून येणाऱ्याला. बाहेर पडताना इंडिकेटर दिलाच पाहिजे, त्यावर पुढचा माणूस शिरायचं की नाही ठरवतो. चुकीचा फाटा गेला तर ब्रेक मारू नका, अजून एक फेरी मारा.

डिपर. यात खरोखर अपघात होतात. आपल्याकडं समोरून डिपर मारला म्हणजे "मी येतोय, तू थांब". ब्रिटनमध्ये तोच डिपर बहुतेक लोक "ये, तुला जाऊ देतो" म्हणून मारतात, जरी तिथल्या नियमपुस्तकात त्याचा अर्थ फक्त "मी इथं आहे" एवढाच असला तरी. अरुंद गल्लीत तुम्ही आपल्या सवयीनं डिपर मारलात, तर समोरचा आभाराचा हात करून तुमच्या पुढ्यात येईल. उपाय सोपा: डिपर मारूच नका, आणि समोरच्याच्या डिपरवर नाही, त्याच्या चाकावर नजर ठेवा. थांबलं असेल तर जा.

हॉर्न. घाटातल्या वळणावर हॉर्न ही आपल्याकडं माणुसकी आहे. तिथं ती शिवी समजतात. ब्रिटनमध्ये वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायलाच बंदी. निघण्याआधी आठवडाभर काकतीपासून हत्तरगीपर्यंत हायवेवर हॉर्नशिवाय, एकाच लेनमध्ये गाडी चालवून बघा. जड जातं. पण या सरावाचा तिथं फार उपयोग होतो, कारण हॉर्न नसला की माणूस आपोआप अंतर ठेवून चालतो.

माणसं. पांढऱ्या पट्ट्यांवर कुणी पाय टाकला, नुसता टाकायच्या बेतात दिसला, तरी थांबा. ब्रिटनमध्ये २०२२ पासून गल्लीत वळताना, ती गल्ली ओलांडायला उभ्या असलेल्या माणसालाही तुम्ही वाट द्यायची आहे. इथं गाडी थांबवली तर चालणाराच गोंधळतो आणि तुम्हाला "जा की" म्हणून हात करतो. तिथं तो न बघता चालू लागतो, कारण तुम्ही थांबणार हे त्यानं धरलेलं असतं.

लेन आणि ओव्हरटेक. बाहेरची, वेगाची लेन ओव्हरटेकपुरती. झाल्यावर परत आत यायचं. आपल्याकडं ट्रक उजव्या लेनमध्ये ठाण मांडतो, म्हणून डावीकडून काढायची सवय लागते. जर्मनीत चुकीच्या बाजूनं ओव्हरटेक केल्यास दंड. तिथं हायवेवर गाड्या तुंबल्या की सगळे कडेला सरकून मधोमध अ‍ॅम्ब्युलन्ससाठी वाट मोकळी ठेवतात. ती रिकामी जागा बघून कुणाला आपली गाडी पुढं दामटायचा मोह झाला, तर दंड आणि लायसन्स दोन्हींवर येतं.

दारूचं थोडक्यात. भारतात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये ८०, स्कॉटलंडमध्ये ५०, युरोपात बऱ्याच देशांत ५०, अमिरातीत शून्य. हे आकडे पिण्याचा हिशोब करायला नाहीत. चालवणाऱ्यानं घेऊ नये.

मुलं मागे, आणि त्यांच्या सीटवर. ब्रिटनमध्ये वय १२ किंवा उंची १३५ सेंटीमीटर होईपर्यंत, जर्मनीत १२ किंवा १५० सेंटीमीटर. आजीच्या मांडीवर नातवंड, हे दिसेल तिथं पकडतात. सीट आधीच बुक करा.

पेट्रोल भरताना

बहुतेक ठिकाणी स्वतःच भरायचं. ब्रिटन-युरोपात हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. अमेरिकेत सहसा उलट: हिरवी डिझेलची. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा, आणि टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते बघा. अमेरिकेत पंपावरचं मशीन कार्डासाठी पिनकोड मागतं आणि आपला ५९० किंवा ५९१ नं सुरू होणारा सहा आकडी घेत नाही. आत जाऊन "अमुक नंबरच्या पंपावर चाळीस डॉलर" असं सांगून आधी पैसे द्यायचे. उरले तर परत मिळतात.

पोलीस, अपघात

पोलिसानं थांबवलं तर इथं आपण उतरून त्याच्याकडं जातो, तो आदर समजला जातो. अमेरिकेत उतरू नका. गाडी कडेला, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद खणात असतील तर "काढू का?" विचारून काढा. "साहेब, जाऊ द्या की" म्हणत नोट पुढं करणं हा कुठंही वेगळा आणि मोठा गुन्हा.

अपघात झाला तर गर्दी जमत नाही, मांडवली होत नाही. नंबर लक्षात ठेवा: युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, अमिरातीत ९९९, जपानमध्ये पोलिसांना ११० आणि अ‍ॅम्ब्युलन्सला ११९. फोटो काढा, समोरच्याचं नाव, गाडी नंबर, विमा घ्या, आणि चूक कुणाची यावर रस्त्यात बोलू नका. भाड्याच्या कंपनीला त्याच दिवशी कळवा.

मुलाकडं, लेकीकडं राहायला गेलेल्यांसाठी

बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला सहा महिने गेलेले अप्पा आणि काका हा एक मोठा वर्ग आहे. घरात गाडी उभी असते, मुलगा ऑफिसला, दूध संपलेलं. ब्रिटनमध्ये विमा गाडीबरोबर प्रत्येक ड्रायव्हरच्या नावानं असतो. तुमचं नाव पॉलिसीत घातलेलं नसेल, तर तुमचं लायसन्स कितीही चोख असलं तरी तुम्ही विनाविमा चालवताय, आणि पोलीस गाडी तिथंच उचलून नेतात. मुलाला फोन करून थोड्या दिवसांसाठी नाव घालायला सांगा. अमेरिकेत मालकाच्या परवानगीनं चालवलं तर बहुतेक पॉलिसींत चालतं, तरी कंपनीला विचारलेलं बरं. आणि मुलगा "बाबा, नका" म्हणाला तर दूध चालत जाऊन आणा.

परत आल्यावर

कॅमेऱ्याचे दंड दोन-चार महिन्यांनीही येतात. भाड्याची कंपनी तुमचं नाव-पत्ता तिथल्या खात्याला देते आणि त्याबद्दल स्वतःचं शुल्क कार्डावर लावते. करार, व्हिडिओ, पावत्या वर्षभर जपा. कर्नाटकात २०२३ साली थकलेल्या चलनांवर ५० टक्के सवलत मिळाली तेव्हापासून लोक पुढच्या सवलतीची वाट बघत बसतात. ब्रिटन-इटलीत उलटा हिशोब आहे: लवकर भरलं तर कमी, उशीर केला तर जास्त.

राहायला गेलेल्यांनी भारतीय लायसन्सची तारीख विसरू नये. ते संपण्याच्या एक वर्ष आधीपासून आणि संपल्यावर एक वर्षापर्यंत नूतनीकरण करता येतं. त्यानंतर पुन्हा परीक्षा, पुन्हा तो आठचा आकडा. गणपतीला किंवा दिवाळीला येणार असाल तर अपॉइंटमेंट तिथूनच सारथीवर घ्या, आणि सुट्टीचे पहिले दोन दिवस त्यासाठी ठेवा. शेवटचे दोन ठेवलेत तर बंद किंवा सर्व्हर यातलं एक काहीतरी आडवं येतं.